बाबांची सरळ रेषा

बाबा आंघोळ झाली की गच्चीवर चालतात. पॅरालिसिसनंतर त्यांचा डावा पाय ओढला जातो, म्हणून ओल्या पावलांचे ठसे डावीकडे वळत जातात. बाहेरून बळ लागल्याशिवाय वाट वळत नाही, हे शाळेत त्यांनीच मला फळ्यावर काढून दाखवलं होतं.

"बाबा, वळताय."

"सरळच चाललोय मी!"

आई वाद घालत नाही. बाबा दारातून समोरच्या कठड्याकडे बघत निघतात, पण वळण त्यांना जिथे नेईल तिथे आई खुर्ची ठेवते. बाबा बरोबर तिथेच पोचतात आणि म्हणतात, "बघ, आलो की नाही सरळ?"

वळण मात्र आवळत चाललंय. दिवाळीत खुर्ची पाण्याच्या टाकीपाशी होती. आज आईने ती दारातून हलवलीच नाही, आणि बाबा बरोबर तिथेच पोचले.