कुत्रा भाडेकरूचा होता

पिंपळीला आमच्या डाळिंबाच्या बागेलगत दोन खोल्या आहेत. एमआयडीसीत नोकरी करणारा एक भाडेकरू तिथे राहायला आला, तो दांडगा काळा कुत्रा घेऊन. एकदा तो कुत्रा दूधवाल्याच्या अंगावर गेला, त्याची विजार फाडली. आई पप्पांना म्हणाली, कुत्रा तरी हलवायला सांगा, नाहीतर खोली रिकामी करायला लावा. पप्पा हसले. त्या हंगामात आजूबाजूच्या बागांतून डाळिंबं चोरीला जात होती. दिवस मावळला की साखळी काढत जा, असं उलट त्यांनीच भाडेकरूला सांगितलं. टोपल्यातली शेवटची भाकरी रोज तेच कुत्र्याला घालायचे.

आत्या कळंबहून यायची ती न सांगता, मागच्या बाजूने, बागेतून. माहेरी फोन करून कोण येतं, म्हणायची. त्या संध्याकाळीही ती तशीच आली.

कुत्र्याने तिचा उजवा हात धरला. इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. बोटं मात्र मिटेनात. भाडेकरू कुत्र्याला घेऊन खोली सोडून गेला.

बारामतीच्या वकिलांकडे पप्पांनी मला सोबत नेलं, इंग्रजीत काही बोलले तर कळावं म्हणून. ते मराठीतच बोलले. कुत्रा भाडेकरूचा, हे खरं. पण तो धोकादायक आहे हे जागामालकाला माहीत होतं का, आणि तरी त्याने मोकळा सोडू दिला का, हेही बघितलं जातं. पप्पांनी त्यातलं फक्त पहिलं घरी आणलं.

तेच घेऊन ते कळंबला गेले, मीही सोबत होते. आत्याने डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. तिला कुणावर केस करायची नव्हती.

"दादा, ते अंगावर जातंय, तुला ठावं हुतं का?"

"कुत्रं आपलं न्हाय, बाई. भाडेकरूचं हाय."

"मी कुत्र्याचं इचारलं न्हाय."

पप्पा कपात बघत राहिले. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. तिला कळलं असावं.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. भाऊबीजेला साडी घेऊन पप्पाच निघाले, सोबत मी. पोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. गाडीतून आत्याचं अंगण दिसत होतं. ती निरांजनाचं ताट घेऊन उभी होती, उजवं मनगट ताटाखाली टेकवून. समोर कुणी नव्हतं. उसाच्या वर बीजेची बारीक कोर होती, आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं आत्या चंद्राला ओवाळत होती.

पप्पांनी गाडीचं दार उघडलं, आणि आवाज न करता पुन्हा लावून घेतलं.