नटावरची पिवळी रेघ

माझा भाऊ जीप दगडावर चढवतो आणि मग दगड तिथं काहून होता म्हणून चिडतो. माणूसच तसा. त्याच्याबद्दल चांगलं लिहायची मला हौस नाही.

जीप बाबांची, फौजेच्या लिलावातली, डोंगर-खडक चढणारी. बाबा गाड्यांच्या कारखान्यात तपासणीवर होते. तिथं नट कसला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढतात. नट ढिला झाला की रेघ तुटते, लगेच दिसतं. ही खोड घरीही होती. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पंख्याच्या नटावर रेघ, गॅसच्या नळीच्या क्लिपवर रेघ. आई म्हणायची, एक दिवस माझ्याही कपाळावर ओढतील.

दिवाळीत दादा मित्रांना घेऊन खडकांवर जीप उडवायला गेला. परत आला तेव्हा स्टिअरिंग थरथरत होतं. दुसऱ्या दिवशी थरथर बंद. कशी, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मला खेड्यांतल्या आरोग्य पाहणीचं काम मिळालं. बस जात नाही अशी गावं, म्हणून अट एकच, गाडी हवी आणि ती स्वतः चालवता यावी. बाबांनी चाबी मला दिली. सराव म्हणून मी रोज जीप काढू लागले, आणि दादाच्या पोटात दुखू लागलं.

मग एक दिवस मदन महलच्या उतारावर ब्रेक दाबला, तर जीप एका अंगाला ओढली गेली आणि भिंतीला घासली. मागचं एक चाक धरतच नव्हतं. लागलं कोणाला नाही. पण दादा गल्लीभर सांगत सुटला, "लेडीज ड्रायव्हिंग है भैया, क्या करोगे." बाबांनी माझ्या हातातून चाबी घेतली आणि त्याला दिली. गाडी गेली म्हणजे माझं काम गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी बाबा आणि दादा व्हरांड्यात चहा पिऊन राहिले होते, तेव्हा मी अंगणात जॅक लावला. मागचं चाक हातानं फिरवलं तर डुलत होतं. रिमची कड आत दबलेली, तिच्यावर दगडाचा ओरखडा, आणि त्या ओरखड्याला गंजही चढलेला, म्हणजे जुना. चाक आणि ब्रेकचा ड्रम उतरवला. मग सगळं दिसलं. चाक डुललं म्हणून बेअरिंग झिजलं, बेअरिंग झिजलं म्हणून एक्सल हलला, त्यानं ऑइल अडवणारं सील खाल्लं, आणि ते ऑइल सगळं ब्रेकच्या पट्ट्यांवर. ब्रेक धरणार कुठून? चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग हातातल्या नटाकडे लक्ष गेलं. जीपवरच्या जुन्या रेघा मळून काळ्या पडल्या होत्या. ही हळदीसारखी पिवळी, नवी होती. दिवाळीत ज्यानं स्टिअरिंग थरथरत होतं, ते पुढचं वाकडं चाक मागे कोणी टाकलं ते मला कळलं.

चाक लोटत नेऊन मी बाबांच्या खुर्चीसमोर आडवं केलं. "हे तुम्ही मागं लावलं?"

त्यांनी चाकाकडे पाहिलं नाही. "त्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत," म्हणाले. "गाडी ठोकून आला हे पोरीकडच्यांना कळलं असतं. मागं लावलं की स्टिअरिंग थरथरत नाही."

"आणि मी चालवून राहिली होती, त्याचं काय?"

"नट मी स्वतः कसले. रेघ नटाची आहे. एक तरी ढिला निघाला काय?"

आता या माणसाला काय म्हणावं! मला इतका राग आला की हातातला पाना आधी लांब ठेवला. मग आतून पेंटचा डबा आणि ब्रश आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मग आता रिमवर ओढा रेघ. पास आहे म्हणा. मी काम सोडते, चाबी त्याच्याचजवळ राहू द्या."

"ओढून टाका ना बाबा," दादा म्हणाला. "चलो, खतम करा."

बाबांनी ब्रश बुडवला. हात रिमपर्यंत गेला. दुसऱ्या हाताचा अंगठा दबलेल्या कडेवरून फिरला आणि तिथंच थांबला. पेंट फरशीवर ठिबकत राहिला. मग त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि दादापुढे हात केला.

"चाबी दे."

माझ्याकडे न पाहताच त्यांनी ती मला दिली. मी आभार मानले नाहीत. ती रिम त्यांच्यानं पास झाली नाही, पण तिच्यावर मला महिनाभर बसवलं होतं. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.