पायरीवरचा फोटो

गाण्यांचे अल्बम काढणाऱ्या कंपनीत तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. हिप-हॉप अल्बमची कव्हरं शेजारी शेजारी ठेवून कुणी कुणाची नक्कल केली ते सांगणं, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. जीभ अशी तिखट, की नवे डिझायनर तिच्या टेबलाजवळ यायला कचरायचे. "साखळी, मोटार, रंगवलेली भिंत, पिंजऱ्यातला वाघ, हे कुणाच्या बापाचं नाही. खुशाल वापरा," ती सुनवायची. "पण चेहरा एकाचाच असतो."

अलीकडे लहानपणीच्या फोटोंची टूम निघाली होती. गायक जितका रांगडा, तितकं कव्हरवरचं पोर केविलवाणं हवं. कंपनीच्या लाडक्या गायकाची पंचाईत अशी, की त्याच्या प्रत्येक फोटोत मागे पियानो! साहेबांनी फर्मावलं, "गरिबी दिसेल असं पोर शोधा. नाहीतर तुमच्या खुर्चीसाठी दुसरं माणूस तयार आहे."

शोधायचं कुठे? तिच्या कपाटातच होतं. तिचा मुलगा, चार वर्षांचा, फुटक्या पायरीवर उघडाच बसलेला, हातात नळी तुटलेलं प्लास्टिकचं पिस्तूल. फोटो तिनेच काढलेला, तिची सावली त्याच्या पायांवर पडलेली. मुलगा आता रॅप करायचा. "आई, माझ्या पहिल्या अल्बमवर हाच हं," असं सहा वर्षं म्हणत होता. अल्बम काही होत नव्हता, आणि होईल असं तिला कधी वाटलंही नव्हतं. आईच ती, पण मनातून तिने पोराच्या नावाने केव्हाच हात झटकले होते. तिने सावली पुसली आणि फोटो साहेबांना दिला. खुर्ची राहिली. घरी ती चकार शब्द बोलली नाही.

लाडक्याचा अल्बम आला त्याच आठवड्यात, आईला चकित करायचं म्हणून, मुलाने गुपचूप आपलाही अल्बम बाहेर काढला. कव्हरवर तोच फोटो, जसाच्या तसा. संध्याकाळपर्यंत लोकांनी त्याची सालटी काढली. चोर! फुकट्या! दुसऱ्याचं बालपणसुद्धा ढापलं! कंपनीने तक्रार केली, आणि दोन्ही कव्हरं तपासायला फूटपट्टीच्याच टेबलावर आली.

मुलाचा फोन आला. "आई, तो फोटो त्यांच्याकडे कसा गेला ते नंतर बघू. तपासणार तूच ना? मग सुटलो. तू फक्त खरं सांग."

"कामाच्या वेळी फोन करू नकोस," ती म्हणाली.

तिला लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. चष्मा पुसून तिने मापं घेतली. कान तोच, पायरीची चीर तीच, तुटकी नळी तीच. मग लिहिलं: 'दुसरं कव्हर पहिल्याची उघड नक्कल. फरक एकच, दुसऱ्यात मुलाच्या पायांवर एका बाईची सावली आहे. बाई कोण, ते कळत नाही.'

खाली सही केली आणि पुढची जोडी ओढली.