जावक क्रमांक ३१/घरगुती

माणूस जातो, पण त्याने लिहिलेले शब्द मागे उरतात. सौंसरला वसंतरावांच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटले, आणि चौथ्याचे म्हणायचे राहून गेले म्हणून तो बसल्यावर पुन्हा उठून म्हणून गेला. मी शेवटच्या रांगेत होतो. वाक्यात चूक काही नव्हती. शब्द उरतात हे खरेच आहे. लागतात तेव्हा ते सापडत नाहीत, एवढी एक तळटीप हवी होती.

बातमी मला फोनवर कळली होती. वसंताची मुलगी वैशाली बोलत होती. "काका, बाबा गेले… सकाळीच. पेपर वाचून राहिले होते." मी पांढुर्ण्याहून मिळेल ती बस धरली. रस्त्यात दोन्हीकडे संत्र्याचे बगिचे होते, ओळखीचे थांबे येत-जात होते, आणि माझ्या डोक्यात एकच फालतू प्रश्न फिरत होता, की पेपर कितव्या पानापर्यंत वाचून झाला असेल. वसंता शेवटच्या पानावरच्या निविदासुद्धा सोडत नसे.

आम्ही दोघे सौंसरच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. पुढे मी पांढुर्ण्यात कॉलेजात मराठी शिकवू लागलो आणि तो एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत बाबू झाला. आलेला कागद नोंदवायचा, जाणाऱ्या कागदावर क्रमांक टाकायचा. एवढेच काम त्याने निवृत्तीपर्यंत केले, आणि अशा निष्ठेने केले की साहेब लोक बदलत गेले तरी कार्यालयाची स्मरणशक्ती बदलली नाही. आमचा सीमेवरचा मराठी मुलूख हिंदी राज्यात, त्यामुळे दिवसभर 'उपरोक्त विषयांतर्गत' वगैरे हिंदीत लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन वऱ्हाडीत भांडायचे, अशी त्याची दोन भाषांची वाटणी होती. पांढुर्णा जिल्हा झाला त्या दिवशी गावात ढोल वाजत होते. निवृत्त वसंताने मला फोन करून एवढेच विचारले, "आता जावक किती वाढन रे?"

ही सवय तो घरीही घेऊन आला होता. लाल कापडी पाठीचे एक रजिस्टर त्याच्या टेबलावर असे. घरातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, कोणास, विषय, शेरा. क्रमांकापुढे 'घरगुती'. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसून बेजार झालो.

"अबे वसंता, पोरीच्या पत्रालेही नंबर टाकून राहिला का तू?"

"हस, हस. बिना नंबराचा कागद हरवला तर शोधशीन कसा?"

"आठवणीनं."

"तुमच्या साहित्यात चालत असन ते. हापिसात नाही चालत."

आत सुमनवहिनी पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भाऊजी, माह्यावर अजून नंबर नाही टाकला, तेच नशीब समजा."

वैशाली नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिने बापाला ई-मेल करायचा आग्रह धरला. वसंताने तो मान्य केला, पण स्वतःच्या अटींवर. टाइप करणे त्याला असभ्य वाटे. तो शाईच्या पेनाने कागदावर लिही, बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद स्कॅन करून घेई, आणि दुकानदार आपल्याच पत्त्यावरून तो पाठवून देई. विषयाच्या जागी फक्त जावक क्रमांक. मजकुराच्या जागी काहीच नाही, कारण मजकूर सोबत जोडला आहे.

सुमनवहिनी गेल्या त्याला अकरा वर्षे झाली. वैशालीला कळवले तेव्हा त्यांची तब्येत ढासळत होती. ती निघाली, नागपूरला उतरली, आणि घरी पोचली तोवर सगळे आटोपले होते. तिने बापाला एकच विचारले, आई शेवटी काय बोलली? वसंता तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "लिहून कळवतो."

मी तिथे होतो. पोरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले ते मी विसरलेलो नाही. ज्याने आयुष्यभर फक्त कागदाशी संभाषण केले, त्याला तोंडाने ते सांगता येणार नव्हते, हे मला दिसत होते. तिला का दिसावे? ती काही दिवसांनी परत गेली. पुढे बापलेकीचे फोन चालू राहिले. पाऊस, तब्येत, गॅसचे सिलिंडर. त्या एका दिवसाबद्दल मात्र कोणी बोलले नाही.

वसंताची तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले आणि वैशाली फोन घेऊन माझ्यासमोर बसली.

"काका, एक सांगू? बाबांनी ते पत्र पाठवलं होतं. मिळालं का म्हणून फोनही आला होता. मी म्हटलं, हो, मिळालं."

"मग?"

"उघडलंच नाही. राग होता ना. तोंडानं दोन शब्द सांगता नाही येत का म्हटलं… मग वाचीन, मग वाचीन करत राह्यली. आता आईचं सांगणारं कोणीच नाही उरलं. अन् ते पत्र सापडून नाही राहिलं."

फोनवर मेलमध्ये बाबांचे नाव टाकले की गेल्या काही महिन्यांतल्या शुभेच्छा आणि हनुमानाचे फोटो येत होते. त्याआधी जणू त्यांनी तिला काही लिहिलेच नव्हते. मला यातले फार कळत नाही, पण मुलीने शेवटी स्वतःच ताडले की फोन आपल्यापाशी अलीकडचेच मेल ठेवतो आणि शोधही त्यातच घेतो. तिने लॅपटॉपवर तीच पेटी उघडली. आता काही वर्षे मागे जाता आले, आणि तिथे पुन्हा भिंत. वसंताने स्मार्टफोन घेऊन स्वतःचा मेल उघडला, त्याआधीचे एकही पत्र त्याच्या नावावर नाही.

"असनच कसं?" मी म्हणालो. "तो स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतच नव्हता. दुकानातून जायचं."

"कोणतं दुकान? पत्ता काय होता?"

दुकान केव्हाच बंद झाले होते. तिने 'आई' टाकून पाहिले, 'सुमन' टाकले, 'शेवटी' टाकले. काही नाही, आणि येणारही नव्हते. शाईने लिहिलेले पान मशीनला अक्षरे म्हणून दिसत नाही, फक्त चित्र दिसते. वहिनी गेल्या तो महिना तिने पूर्ण चाळला. कचऱ्याची पेटी, फालतू मेलची पेटी, दोन्ही उलटून पाहिल्या. नोकरीच्या जाहिराती, बँका, विमान कंपन्या. तिचा हात थांबला.

"मी डिलीट केलं असन का काका? रागात?"

उत्तर टेबलावर होते, लाल पाठीचे. ते मी आधी का उघडले नाही, याचे कारण मला चांगले ठाऊक आहे आणि ते मला शोभणारे नाही. मी त्या वहीला वर्षानुवर्षे हसत आलो होतो.

एकतीस क्रमांक. कोणास: चि. वैशाली. विषय: सौ. सुमन हिच्या अखेरच्या दिवसाबाबत. तारीख वहिनी गेल्यानंतर चार महिन्यांची. वहीच्या मागच्या बाजूला मसुदे खोचलेले होते, सात, प्रत्येक पहिल्या ओळीतच सोडलेला, प्रत्येकावर आडवी रेघ. चार महिने तो ते पत्र लिहीत होता. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या सुबक अक्षरात: 'पोच तोंडी मिळाली.'

वैशालीने तो रकाना वाचला आणि वही मिटून मांडीवर धरून बसली. मग तिने लॅपटॉप ओढला आणि '३१/घरगुती' असे टाकले. एकच मेल आला. पाठवणारा: दुकान. विषय: जा. क्र. ३१/घरगुती. सोबत तीन पाने. दुकानदाराने मधले पान उलटे स्कॅन केले होते, तेव्हा ते आम्ही लॅपटॉप उलटा धरून वाचले.

पत्र कार्यालयीन होते. सकाळी सात वाजता ती स्वतः उठून बसली. दहा वाजता संत्रे मागितले. हंगाम नसल्याने लिंबाचे सरबत देण्यात आले. ते संत्र्याचे नाही हे तिने ओळखले व तसे बोलून दाखवले. दुपारी तुझा निरोप आला की गाडी निघाली आहे. तो तिला सांगितला असता ती म्हणाली, "पोरीले म्हणा, घाई नको करू. गाडीत गर्दी असते. सामान सांभाळून ये म्हणा." उपरोक्त वाक्यानंतर ती काही बोलली नाही.

वैशालीने ते मोठ्याने वाचायला घेतले आणि 'सामान'पाशी तिला पुढे वाचता आले नाही. अकरा वर्षे ती उशिरा पोचल्याचे ओझे वाहत होती, आणि आईचा निरोप होता की घाई करू नकोस. उरलेले मी वाचले. उरलेले म्हणजे शेवटच्या दोन ओळी, तिसऱ्या पानावरची सही, आणि सहीखाली, सरकारी पत्रात असते तशी, प्रतिलिपी, म्हणजे प्रत, कोणाकोणाला याची ओळ. तिथे माझे नाव होते. 'माहितीसाठी.'

मी त्याच संध्याकाळी पांढुर्ण्याला परतलो आणि माझा मेल उघडून क्रमांक टाकला. माझ्या मेलमधल्या शोधात काही बिघाड नाही. पत्र पहिल्याच खेपेला आले. न उघडलेले होते.