सगुणाबाईचा पंचा

बाळाला न्हाऊ घालून झालं की सगुणाबाई पंचा पिळायची. पाणी केव्हाच गळून गेलेलं असायचं, तरी तिची मनगटं फिरतच राहायची. दात एकमेकांवर घट्ट आवळलेले, नजर मात्र दुपट्यात गुंडाळलेल्या बाळावर. मग एक लांब श्वास सोडून ती पंचा झटकायची, दोरीवर टाकायची आणि शेगडीत ओवा टाकून बाळाला धुरी द्यायला बसायची. रोज हेच.

१९५३ साली माझा मोठा भाऊ झाला, तेव्हा आई अंबरनाथ पश्चिमेला नवी होती. बाबा कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. आईला माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच झालं आणि शेजारच्या अंजनीकाकूंनी सगुणाबाईला बोलावून घेतलं. ती चामटोलीची. पहाटे बदलापूरपर्यंत चालत यायची, तिथून गाडीने एक स्टेशन. पाटावर पाय लांब करून ती बाळाला पायांवर पालथं घ्यायची, आणि रात्रभर किरकिरलेलं पोर तिच्या तेलकट हातांखाली गप्प व्हायचं.

तिला स्वतःला मूल नव्हतं. नवऱ्याने, हरिचंद्रने, वेणू नावाची दुसरी बायको केली होती आणि वेणूला जयदेव झाला होता. हे सगळं तिने आईला सांगून टाकलं होतं, पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं. जयदेव केवढा झाला असं आईने विचारलं, की ती बसल्या जागेवरून हात हवेत धरायची. "एवरा." हात मग जरा वेळ तिथेच राहायचा.

भाऊ अडीच महिन्यांचा असताना एका सकाळी तिच्याकडे बघून तोंडभर हसला. तिच्या हातात तेव्हा पंचा नव्हता. तिचे दात आवळले, गळ्यातून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि तिने त्याची मांडी मुठीत दाबली. तो किंचाळला. मांडीवर चार बोटांचे लाल वळ उठले.

आईने मूल ओढून घेतलं. सगुणाबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "मना राग नव्हता गो बाय," ती म्हणाली. "पोर गोड लागला का माझे दात आपोआप आवळतात."

अंजनीकाकूंचं मत ठरलेलं होतं. वांझ बाईची दृष्ट, दुसरं काय. दात कसे खाते ते आपण पहिल्या दिवसापासून बघत होतो, म्हणाल्या. त्यांनी चौकशीही केली. वेणूचा मुलगा तान्हा असताना सगुणाबाईने त्याच्याकडे बघून असेच दात खाल्ले होते, आणि त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. तेव्हापासून एका अंगणात राहूनही तिला त्याला हात लावायची मनाई होती. आईने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगितलं. सगुणाबाईने वाद घातला नाही. पंच्याची घडी करून ठेवली आणि गेली.

बाराएक दिवस आई स्वतःच न्हाऊ घालत होती. एका दुपारी भाऊ गोधडीवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायची खटपट करत होता. आईने त्याचं पाऊल हातात घेतलं. वाटाण्यांसारखी बोटं. आतून काहीतरी असं दाटून आलं की ते प्रेम आहे की चीड, तिला कळेना. आणि कळायच्या आत ते पाऊल तिच्या दातांत होतं. तो रडायला लागला. टाचेवर दोन बारीक खुणा उमटल्या होत्या.

माया मनात मावेनाशी झाली की बहुधा तिला असंच आडदांड होऊन बाहेर पडावं लागतं. सगुणाबाईकडे तर घरच्या पोराला देता न आलेली मायाही होती. तीच रोज पंच्यात जात होती.

दुसऱ्याच दिवशी आई बाळाला घेऊन चामटोलीला गेली. वेणू अंगणात भात वाळत घालत होती, जयदेव तिच्या मागे मागे. सगुणाबाई मागच्या पडवीत बसली होती. आईने मूल तिच्या मांडीवर ठेवलं. तिने हात उचलले नाहीत.

"सांभाला वैनी," वेणू लांबून म्हणाली. "तिला दात खायाची खोड हाय."

"मलाही आहे," आई म्हणाली. "काल मीच चावले याला."

सगुणाबाई आधी हसली, मग तिने मुलाला उराशी धरलं. बाळ बघायला जयदेव पडवीत आला, अगदी तिच्या गुडघ्यापाशी. तिचा एक हात सुटून त्याच्या डोक्याकडे निघाला. वेणूने पोराला हाक मारली. हात परत आला.

ती पुन्हा अंबरनाथला येऊ लागली. चार वर्षांनी माझ्यासाठीही आली. जयदेवची उंची दाखवताना आता बसल्या जागी तिला हात डोक्याच्याही वर न्यावा लागे. त्याच्या डोक्यावर तो हात कधी टेकला का, हे आईने एकदाच विचारलं. पंचा पिळता पिळता तिने नुसती मान हलवली. नाही.

१९५७ च्या कार्तिकात एका सकाळी तिने मला धुरी दिली, पंचा दोरीवर टाकला आणि निघाली. त्यानंतर ती आली नाही. आठवड्याने आनंदा दूधवाल्याने सांगितलं, तापात गेली. त्या सकाळी उंबऱ्यातून वळून ती आईला एवढंच म्हणाली होती, "उद्या पानी जरा कोमट ठेव गो बाय. आज पोरीला चटका लागला."