बाळव्वाचा जबाब

जतच्या एसटी स्टँडवरून मी निघाले तेव्हा आबांनी माझी पत्र्याची ट्रंक स्वतः टपावर चढवली. आई खिडकीखाली उभी राहून, "तिथं ऊन लय असतंय म्हणं, डोकं झाकून फिर," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. पुढे मुंबई, मग विमान, आणि विमानापलीकडे मस्कतचं हॉस्पिटल. मिरजेत नर्सिंग शिकून परदेशी निघालेली गावातली मी पहिलीच. पण त्या बसमध्ये मला कुणी बसवलं, ते गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही सांगायचं राहून गेलंय.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. हवालदार सायकलवरून आले, नावगाव विचारलं आणि आबांना म्हणाले, "तुमच्या घरावर ठाण्यात तक्रार हाय. सायेब अडवतील." आबांचा चेहराच उतरला.

तक्रार बहात्तरच्या दुष्काळातली. टँकरपाशी पाण्यावरून आईचं शेजारच्या बाळव्वाशी भांडण झालं, आईनं कळशी फेकली, बाळव्वाच्या कपाळाला खोक पडली. तिच्या नवऱ्यानं ठाणं गाठलं. प्रकरण पुढे थंडावलं, पण दोन घरांतलं बोलणं बंद झालं ते झालंच.

आबा आणि मी ठाण्यात गेलो. मी विचारलं, "सायेब, आमच्याबद्दल काय लिहिलंय ते ऐकायला मिळेल का?"

फौजदारांनी मला नीट निरखलं, जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि स्वतः वाचून दाखवलं. आईचं नाव, वय, टँकर कुठे उभा होता ते. कळशी पितळेची होती, हेसुद्धा. मी ऐकतच राहिले. आमच्या गावाला धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. सरकारला आम्ही दिसत असू असं कधी वाटलंच नव्हतं, आणि इथे आमची कळशी इतकी वर्षं जपून ठेवलेली!

"तक्रार आईवर हाय, पोरीवर न्हाई," फौजदार म्हणाले. "पर शेजाऱ्याचं मत लागंल. आनि शेजारी म्हंजे ज्यांनी तक्रार दिली, तेच."

संध्याकाळी हवालदार बाळव्वाच्या अंगणात बसले. आम्ही आमच्या दाराआड कान देऊन उभे.

"शेजारची पोरगी कशी हाय?"

बाळव्वानं पदर मागं सारून कपाळावरचा वण दाखवला. "ह्यो तिच्या आयनं केला. लिवलाय न्हवं?"

"व्हय."

"मग ह्येबी लिवा. रगात थांबंना, तवा आपली वढनी फाडून ह्या पोरीनं बांधली. गाडीत मांडीवर डोकं घिऊन दवाखान्यात नेलं. माझ्या मालकानं त्ये सांगितलंच न्हाई. आता मी सांगती."

हवालदारांनी लिहिलं. बाळव्वानं अंगठा उठवला. मी नर्स होण्याआधीची ती गोष्ट मीही विसरून गेले होते.

आई बाहेर गेली. बाळव्वाच्या अंगणाच्या कडेला थांबली. मग म्हणाली, "बाळव्वा, च्या ठिऊ?"

"ठेव की. कवाची वाट बघतीया."

मस्कतनंतर मी इंग्लंडला आले, इथेच राहिले. इथल्या नोकरीसाठीही पोलिसांचा दाखला लागला. तो पोस्टानं घरपोच आला. माझ्याबद्दल कुठेही कसलीच नोंद नाही, असं छापलेलं. मैत्रिणींनी अभिनंदन केलं. मला मात्र एकदम पोरकं वाटलं. या एवढ्या मोठ्या शहरात माझ्याविरुद्ध कुणाचं काही म्हणणं नव्हतं, कारण मला कुणी ओळखतच नव्हतं.

तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी जत तालुका सांगते. खरं घर मात्र नकाशात दाखवता येत नाही. आमच्या हातचा वण कपाळावर घेऊन जी बाई माझ्यासाठी बोलली, ती राहायची, तिथलं.