चंद्रीचा खांदा

आमच्या रंगाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक डब्यावरचं नाव वाचून रंग मागतं. फौजीभाऊंचं तसं नव्हतं. पिंपळगाव राजाच्या बाजारात माझ्या दारासमोर सायकल टेकवायचे आणि रस्त्यातूनच म्हणायचे, "वहिनी, ऊन पडाच्या आंधीचा बर्फ पायजे." मी म्हणायची, "भाऊ, माह्याजवळ निस्ता पांढरा हाय. घ्याचा तं घ्या." मग ते डबा उघडायला लावत, मनगटावर थेंबभर रंग फासून उन्हात जात आणि परत येऊन नको म्हणत. माझं डोकं फिरायचं. पण दोन दिवस दिसले नाहीत की मीच रस्त्याकडे बघत बसायची.

सैन्यात ते खेचरांच्या तुकडीत होते. उंच डोंगरांतल्या लढाईत दारूगोळा वर पोचवायचा आणि जखमी जवान खाली आणायचे, हे त्यांचं काम. जरा बूड टेकायला मिळालं की रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीनं समोर दिसेल ते काढायचे. निवृत्त होऊन आले ते असल्या पुठ्ठ्यांनी भरलेली ट्रंक घेऊनच. मग सकाळी वांग्यांना पाणी द्यायचं आणि दुपारी पुठ्ठ्यावरून प्लायवूडवर मोठी चित्रं रंगवायची. चित्रं तरी कसली? कुणी मोजे वाळवतोय, कुणी बर्फ वितळवून चहा करतोय. बंदूक असलीच तर कोपऱ्यात टेकवलेली.

शाळेच्या भिंतीवर लढाई रंगवायला बोलावलं, तेव्हा हेडमास्तरांनी शिखरावर झेंडा रोवणारे जवान मागितले. भाऊंनी मान हलवली. "सर, झेंडा लागला तवा मी खाली खच्चराले पाणी पाजत होतो. मी पाह्यलं थेच काढतो. ऐकलेलं काढाले शिनेमावाले हायेत." झालं. आमच्या शाळेच्या भिंतीवर आजही एक जवान खेचराला पाणी पाजतोय. हेडमास्तर कितीतरी दिवस फुगून बसले होते, पण पोरं जाता-येता त्या खेचराच्या नाकाला हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

ते खेचर म्हणजे चंद्री. सैन्याच्या लेखी तिला नुसता नंबर, नाव भाऊंनी ठेवलेलं. तिचं एक मोठं चित्र त्यांनी घरी कधीपासून रंगवायला घेतलं होतं, देव जाणे. कान, डोळे, खोगीर, मागचा बर्फ, सगळं झालेलं. मानेमागचा खांदा तेवढा राहिलेला. रंगवायचे आणि ओल्या रंगावर फडकं फिरवायचे, त्यामुळे तिथं नुसता लालसर फराटा उरला होता.

एकदा मी वैतागून विचारलं, "एवढासा खांदा काऊन होत नाही तुमच्यानं?"

ते सायकलची घंटी चाचपत म्हणाले, "वहिनी, खांदा सोलला होता तिचा. मले दिसत होतं. वर पोरायजवळच्या बंदुकीच्या गोया सरल्या होत्या, म्हणून तरी ओझं लादलं. तिनं पोचवलं. उतरताना तोफेच्या माऱ्यात गेली. तो खांदा काढाले बसलो का हातच उठत नाही."

मी पांढऱ्याचा डबा पुन्हा त्यांच्यापुढे उघडून ठेवला.

त्या साली पोळ्याला काय घडलं ते सांगते. तोरणाखाली सजलेल्या जोड्यांची रांग, डफडी तापलेली, पोरं उधळलेली, आणि त्या गर्दीतून फौजीभाऊ ते चित्र पाठीवर घेऊन येताहेत. सकाळी पुन्हा प्रयत्न करून पुसलेला, म्हणून खांदा अजून ओला. रांगेच्या टोकाला त्यांनी चंद्रीला उभं केलं. मानाची जोडी दिनकर पाटलांची. ते तावातावानं आले. "फौजी, पोया बैलायचा हाय बे. खच्चराचा नाही."

डफडी थांबली. चित्र परत न्यावं लागलं असतं, तर हा माणूस पुन्हा ब्रश धरणार नव्हता.

भाऊ एवढंच म्हणाले, "पाटील, ओझं वाह्यलं तिनं. जेवाले कोणी बलावलं नाही."

पाटील वाकले. सारा जन्म बैल जुंपण्यात गेलेला माणूस, त्यांची नजर नेमकी त्या फराट्यावर अडकली. "खांदा सोलला व्हता काय?"

"हाव."

पाटील तरातरा घराकडे गेले. म्हटलं, आता चार माणसं घेऊन येतात. आले ते एकटेच, हातात वाटी. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून त्यांना जेवणाचं आवतन देतात, त्यातलं उरलेलं लोणी. ते त्यांनी बोटांनी चंद्रीच्या खांद्यावर चोळलं. ओल्या रंगात हळद बसली ती बसलीच. "वाजवा बे डफडं," पाटील गरजले. मी तर हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते. एवढा आनंद मला माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

घरी जाऊन भाऊंनी चित्राखाली सही केली. "झालं, वहिनी. आता हात नाही लावाचा."

पुढं दर पोळ्याला ते चंद्रीला रांगेत उभं करत. यंदा उन्हाळ्यात फौजीभाऊ गेले. जाण्याआधी चंद्री माझ्या हवाली केली, ती गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे बघत बसले होते. आता हिला तोरणाखाली कोण नेणार? मी नेली तर बाईमाणसाला रांगेत उभं राहू देतील का? तेवढ्यात दिनकर पाटील आले. चपला काढून काउंटरच्या आत शिरले. हातात वाटी होती. लोण्यात बोटं बुडवून त्यांनी त्या जुन्या पिवळ्या डागावर फिरवली.

"चंद्रे, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, उद्या दुकान लवकर बंद करा. तिले तुम्हीच आणाचं."